दसऱ्याचा झेंडू आणि प्रदर्शनातला डेलिया : दोन मेक्सिकन पाहुण्यांची गोष्ट

१.
दसऱ्याच्या सकाळी राळेगणसिद्धीसारख्या गावात काय किंवा मुंबईच्या चाळीत काय, झेंडूच्या तोरणावाचून राहिलेले दार शोधावे लागते. थंडीतल्या पुष्पप्रदर्शनांत मात्र माणसे थबकतात ती हाताच्या पंजाहून मोठ्या डेलियापुढे. ही दोन्ही फुले एकाच वनस्पतिकुळातली, आणि दोघांचेही माहेर एकच : मेक्सिको. मग एक आपल्या देवघरात कसे पोहोचले आणि दुसरे कुंडीतच का राहिले? आजचा धागा या प्रश्नाविषयी. त्याचे उत्तर बरेचसे बियांमध्ये आहे.

२.
प्रथम झेंडू. मेक्सिकोतील नाहुआ लोकांच्या भाषेत त्याला सेम्पोअलशोचित्ल म्हणत. शब्दशः अर्थ 'वीस फुले', म्हणजेच पुष्कळ पाकळ्यांचे फूल. आजही तेथे नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या स्मरणदिनी घरे आणि थडगी झेंडूने सजवतात. आपल्या पितृपक्षानंतर काही दिवसांतच येणाऱ्या दसऱ्याला आपण त्याच फुलाची तोरणे बांधतो. पोर्तुगीजांच्या काळात हे फूल भारतात आले, असे सामान्यतः मानले जाते. आज ते परदेशी आहे, हे सांगितले तरी कोणाला पटत नाही.

३.
आता डेलिया. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा वैद्य फ्रान्सिस्को हर्नांदेझ हा १५७० च्या दशकात मेक्सिकोत वनस्पतींची नोंद करीत हिंडत होता. त्याच्या लिखाणात 'अकोकोत्ली' या वनस्पतीचे वर्णन येते. या नावाचा संबंध पाण्याच्या पोकळ नळीशी जोडला जातो, कारण उंच वाढणाऱ्या रानटी डेलियाचे खोड आतून पोकळ असते. हर्नांदेझला तिच्यात औषध दिसले. बागेतले फूल म्हणून तिच्याकडे युरोपने पाहावे, याला आणखी दोन शतके लागली.

४.
१७८९ मध्ये मेक्सिको शहराच्या वनस्पती उद्यानातून व्हिसेंते सर्व्हान्तेस याने डेलियाचे बी माद्रिदला धाडले. तेथील अभ्यासक आंतोनियो होसे काव्हानिलेस याने १७९१ मध्ये या वनस्पतीला 'डालिया' हे नाव दिले, ते लिनियसचा शिष्य आंद्रेआस डाल याच्या स्मरणार्थ. डाल १७८९ मध्येच निवर्तला होता. त्याचेच नाव बोलीत घासून मराठीत 'डेलिया' झाले.

५.
एक गंमत ध्यानात घ्यावी. युरोपात काहींना आरंभी या झाडाचा कंदच मोलाचा वाटला. बटाट्यासारखा तोही खाता येईल, अशी आशा होती. ती फोल ठरली, कारण चव कोणाला रुचली नाही. लक्ष फुलांकडे वळले, आणि माळ्यांना एक चमत्कार दिसू लागला : एकाच बोंडातले बी पेरावे आणि प्रत्येक रोपाला निराळे फूल यावे. रंग निराळा, पाकळ्यांची घडण निराळी, आकारही निराळा. एकोणिसाव्या शतकात डेलियाचे वेडच पसरले. १८८१ मध्ये ब्रिटनमध्ये डेलियाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. प्रदर्शने, वर्गवारी आणि बक्षिसे यांची शिस्त बसत गेली.

६.
हा चमत्कार कशामुळे? बहुतेक सजीवांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. बागेतल्या डेलियात असे आठ संच असतात, एकूण ६४ गुणसूत्रे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये डब्ल्यू. जे. सी. लॉरेन्स यांनी या फुलाच्या अनुवंशाचा सखोल अभ्यास केला. पत्त्यांचा एक जोड पिसणे आणि चार जोड एकत्र पिसणे यांत जो फरक, तोच येथे आहे. प्रत्येक बी म्हणजे नवा डाव. आईसारखे हुबेहूब फूल बियांतून मिळण्याची आशा जवळजवळ नसतेच.

७.
म्हणून डेलिया वाढवणाऱ्याला दोन वाटा सांभाळाव्या लागतात. आहे तेच फूल पुन्हा हवे असेल, तर कंद किंवा फांदीचे कलम. नवे फूल हवे असेल, तर बी. पहिल्या वाटेने वाण टिकतो, दुसरीने तो जन्माला येतो. मात्र कंद टिकवणे बी टिकवण्याहून फार कठीण, आणि दख्खनच्या उन्हाळ्यात तर अधिकच.

८.
आता भारतात येऊ. १८२० मध्ये कलकत्त्यात भारतीय कृषी-उद्यान संस्था स्थापन करणारा मिशनरी विल्यम केरी मराठी वाचकाला परका नाही. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश श्रीरामपूरच्या छापखान्यातून काढणारा तोच. त्याची एक आठवण प्रसिद्ध आहे. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी त्याने वाया काही जाऊ नये म्हणून सावलीतल्या मातीवर झटकली. काही दिवसांनी तेथे इंग्लंडच्या कुरणातली डेझी उगवली. तीस वर्षांनी ते फूल पाहून त्याला झालेला आनंद त्याने पत्रात लिहून ठेवला आहे. बी म्हणजे घराची आठवण, हे परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना निराळे सांगावे लागणार नाही.

९.
पश्चिम भारतातही अशीच कृषी-उद्यान संस्था उभी राहिली. मुंबईतील राणीचा बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये लोकांसाठी खुला झाला, तो याच संस्थेच्या प्रयत्नांतून. पुण्याचे एम्प्रेस गार्डन तीच संस्था सांभाळत आली आहे, आणि तेथील वार्षिक पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या थंडीचा भाग झाले आहे. अशा संस्था बी-रोपे वाटत आणि उत्तम उत्पादनाला बक्षिसे देत. प्रदर्शनाचा मूळ हेतू शोभेपलीकडचा होता : चांगले बी कोणाकडे आहे, हे चारचौघांना कळावे.

१०.
प्रदर्शनाने डेलियाला मोठे केले, हे अगदी शब्दशः खरे आहे. आपल्याकडे पावसाळा सरताना कलमे लावतात, फुले डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात. मोठ्या फुलासाठी बगलेतले फुटवे काढावे लागतात, मधली कळी ठेवून शेजारच्या कळ्या खुडाव्या लागतात, पोकळ खोडाला काठीचा आधार द्यावा लागतो. झाडाची सारी ताकद एका फुलात उतरते. फुलाचा व्यास दहा इंचांपलीकडे गेला की ते सर्वांत मोठ्या वर्गात बसते. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने सुकली की कंद खोडाच्या बुंध्यासह उपटून, कोरड्या वाळूत, सावलीत ठेवायचे. नवा कोंब बुंध्याजवळच्या डोळ्यातून येतो. डोळा तुटला तर कंद कितीही गुबगुबीत असो, निरुपयोगी.

११.
बियांची वाट याहून सोपी, पण तिला संयम हवा. फूल झाडावरच सुकू द्यावे, बोंड पिवळट-तपकिरी झाले की खुडावे, कागदावर वाळवावे. खूप भरगच्च फुलांत बी कमी धरते, कारण मधली परागाची चकती पाकळ्यांनी झाकलेली असते आणि मधमाशीला वाट सापडत नाही. एकेरी फुलांत बी भरपूर. त्यातली बहुतेक रोपे साधारण निघतात, क्वचित एखादे असामान्य. त्या एकासाठी इतर सर्व वाढवायची! रामकृष्ण मिशनचे स्वामी विनयानंद यांनी भारतीय हवेत याच वाटेने अनेक वाण घडवले. 'भिक्खूज मदर' हा त्यांतला प्रसिद्ध वाण.

१२.
झेंडूची रीत पाहा. दसऱ्याचे तोरण सुकते, कोणी ते अंगणाच्या कडेला चुरगळून टाकते, पावसाळ्यात तेथे रोपे उभी राहतात. फूल थोडे लहानमोठे निघेल, केशरी रंग किंचित उतरेल, पण झेंडू तो झेंडूच. त्याला वाळूतला कंद नको, काठी नको, बक्षीस नको. जे फूल आपले बी स्वतःच दारात टाकून जाते, ते सणात शिरते. डेलियाला मात्र दरवर्षी कोणीतरी जाणता माणूस लागतो. तो माणूस गेला की वाणही जातो.

१३.
येथे राळेगणसिद्धीकडे वळले पाहिजे. पारनेर तालुक्यातले हे गाव पर्जन्यछायेत येते. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रातल्या असंख्य घरांची कणगी रिकामी केली. अशा वर्षी खाण्याचे धान्य संपते आणि मग हात बियाण्याला लागतो. पेरणीचे बी शिजवून खाण्याची वेळ म्हणजे शेतकऱ्याच्या घरातला शेवटचा टप्पा. १९७५ मध्ये अण्णा हजारे गावी परतल्यानंतर नालाबांध, समपातळी चर, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांनी पाणी अडले, हे सर्वज्ञात आहे. कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे गावाने उभारलेली धान्य बँक : सुगीत ज्याच्याकडे अधिक आहे त्याने द्यावे, अडलेल्याने न्यावे, आणि पुढल्या सुगीत थोडी भर घालून परत करावे. सावकाराच्या दारी जाणे त्यामुळे टळले.

१४.
याच अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी, राहीबाई सोमा पोपेरे यांनी धान्य बँकेच्या पुढचे पाऊल टाकले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या महादेव कोळी समाजातील बाईंनी घरातच देशी वाणांची बियाणे बँक उभारली. वाल-घेवड्याचे नाना प्रकार, भात, नागली, रानभाज्या. बायफ संस्थेची साथ मिळाली, कळसूबाई परिसरातली बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. महाराष्ट्र त्यांना बीजमाता म्हणून ओळखतो.

१५.
राहीबाईंच्या वालाला वनस्पतिशास्त्राची साथ आहे. वालाचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून यंदाचे बी पुढल्या वर्षी तेच पीक देते. मडक्यात राखेसह ठेवलेली मूठभर बी म्हणजे पूर्ण वाण. डेलियाच्या बाबतीत मूठभर बी म्हणजे शंभर शक्यता, पण जुना वाण त्यांत नाही. दोन्हीकडे जतन करणारी व्यक्ती हवीच. फरक इतकाच की वाल पेरून टिकतो, डेलिया काढून ठेवून.

१६.
आणि आता झेंडूही बदलतो आहे. बाजारासाठी घेतला जाणारा टपोरा, एकसारखा झेंडू पुष्कळदा संकरित वाणाचा असतो. त्याच्या पहिल्या पिढीचे बी पेरले तर पुढची पिढी एकसारखी येत नाही. म्हणजे जो झेंडू बियांच्या बळावर दारोदार पोहोचला, तो डेलियासारखा वागू लागला आहे. शेतकऱ्याला दर हंगामात रोपे विकत घ्यावी लागतात. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे; फक्त नाममुद्रा लावून त्याला ते विकता येत नाही. पण पेरल्यावर पूर्वीचे पीकच येणार नसेल, तर हा हक्क कागदावर उरतो.

१७.
संकरित वाणांना शिव्या देणे सोपे आहे, पण अन्यायाचे ठरेल. सणाच्या आठवड्यात एकसारखा माल बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्याचा संसार त्यावर चालतो. प्रश्न एवढाच की त्याच्या बांधावर जुन्या झेंडूची एक ओळ राहील का. पुष्पप्रदर्शनांनीही याचा विचार करावा. सर्वांत मोठ्या फुलाला बक्षीस आहे. घरच्या बियांतून वीस वर्षे टिकवलेल्या फुलालाही एक टेबल असायला हरकत नाही.

१८.
यंदा दसरा झाल्यावर तोरण कचऱ्यात टाकू नका. सुकलेले फूल हातावर चुरा. काळ्या काड्यांसारखे बी, एका टोकाला फिकट केसांचे, हाताला लागेल. कागदाच्या पुडीत ठेवा, पुडीवर वर्ष लिहा, जूनमध्ये पेरा. जे उगवेल ते गतवर्षीसारखे आहे की निराळे, हे पाहिले की बाजारातल्या आपल्या झेंडूचे काय झाले आहे, ते तुम्हाला स्वतःलाच कळेल.

१९.
तुमच्या घरी आजीने किंवा आत्याने मडक्यात, फडक्यात, भोपळ्याच्या तुंब्यात राखून ठेवलेले एखादे बी असेल, तर त्याचे नाव आणि गाव खाली जरूर लिहा. वाणाचे नाव विसरले गेले, की बी हरवायला फार वेळ लागत नाही. धागा समाप्त.