मेणबत्तीत मेण कुठे आहे?

'मेणबत्ती' हा शब्द आपण सहज वापरतो, पण वाण्याकडून आणलेल्या मेणबत्तीत मेण नसतं. ती असते पॅराफिनची. रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३० साली पॅराफिन वेगळं काढलं. १८५० साली जेम्स यंगने ते कोळशापासून काढायचं पेटंट घेतलं आणि पुढे खनिज तेल मुबलक झाल्यावर ते फारच स्वस्त झालं. आपल्याकडे आसामात दिग्बोईचा तेलशुद्धीकरण कारखाना १९०१ साली सुरू झाला. तिथेही पॅराफिन निघतं. म्हणजे पदार्थ बदलला, नाव तेवढं राहिलं.

खरं मेण मधमाशीचं. संस्कृतात 'मदन' या शब्दाचा एक अर्थ मेण असा आहे आणि त्यावरूनच आपला 'मेण' आला. त्याला आणखी एक सुंदर नाव आहे, मधूच्छिष्ट. मध काढून घेतल्यावर जे उरतं ते, मधाचं उष्टं! बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला. त्यात धातूची मूर्ती घडवायची रीत दिली आहे. आधी मेणाची मूर्ती करायची, तिला मातीचे लेप द्यायचे, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मेण जातं, आकार मागे राहतो. शब्दांचंही असंच होत असावं.

आपल्या घरांत उजेड होता तो तेलाचा. समई, पणती, मग रॉकेलचा कंदील. मेणाचे दिवे लावायचे ते दरबारी लोकांनी, नाही तर चर्चमध्ये. पण मेण मात्र घरोघरी होतं. चिमणीचं घर मेणाचं, हे ऐकतच आपण मोठे झालो. चांभार शिवायच्या दोऱ्याला मेण लावायचा. आणि बायकांच्या फणेरपेटीत फणी, आरसा, कुंकवाचा करंडा यांच्या शेजारी मेणाची एक चिमुकली डबी असायची. अनामिकेने कपाळावर मेणाचं गोल बोट टेकवायचं आणि त्यावर कोरडं कुंकू. दिवसभर हलायचं नाही. माझ्या आजीची डबी मी पाहिली आहे. आजोबा गेल्यावर ती पुन्हा उघडली गेली नाही. पेटी होती, डबी होती, मेण आत तसंच वाळून गेलं.

हे सगळं आठवायला निमित्त झालं नातवंडांचं. मे महिन्याच्या सुट्टीत मुलाने मधपेट्या पाळणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मेणपत्रे आणले होते. मेणपत्रा म्हणजे मेणाचा पातळ तक्ता. त्यावर दोन्ही बाजूंनी षटकोनी ठसे असतात. कडेला सुती वात ठेवायची, कड तिच्यावर घट्ट दुमडायची आणि चटई गुंडाळावी तशी गुंडाळत जायचं. विस्तव नको, साचा नको, म्हणून लहान हातांना फार सोयीचं. थंडीत तक्ता तडकतो, जरा ऊब द्यावी लागते. आमच्या संभाजीनगरच्या मे महिन्यात ती अडचण नाही. उलट लवकर गुंडाळलं नाही तर तक्ता हातातच लोळायला लागतो. घरभर मधाचा वास सुटला होता.

मध्येच धाकटीने विचारलं, "आजी, हे मेण घेताना माशा मेल्या का गं?"

शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न फार थोड्या वेळा कानावर आला. उत्तर खरं द्यायला हवं होतं. पूर्वीचं मेण बहुतेक आग्या मोहोळांचं. अजिंठ्याच्या कड्यावर आणि देवगिरीच्या किल्ल्यात ती लटकतात, ती आपण पाहिलेली आहेत. रात्री खाली टेंभा लावायचा, माशा जाळायच्या वा पळवायच्या आणि अंड्या-पिलांसकट पोळं कापायचं. चिमणीच्या घराचं मेण, फणेरपेटीतलं मेण, बहुधा असंच आलेलं.

मग तिला या तक्त्याची गोष्ट सांगितली. १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याने उचलून काढता येतील अशा चौकटींची मधपेटी योजली. १८५७ साली मेहरिंग या जर्मन कारागिराने मेणाच्या तक्त्यावर षटकोन उठवून तो माशांना दिला आणि माशांनी त्यावरच घरं बांधली! एक किलो मेण तयार करायला माशांना साधारण सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो, असं म्हणतात. आयता पाया मिळाला की ते कष्ट वाचतात. १८६५ साली पोळं गरगर फिरवून मध काढायचं यंत्र आलं. मध घ्या, पोळं माशांना परत द्या. आपल्याकडे महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी माशांच्या पेट्यांनी हेच केलं. पुण्यात १९६२ साली मधमाश्यांची केंद्रीय संशोधन संस्था निघाली आणि महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' ठरलं.

म्हणजे मुलांच्या हातातला तक्ता मुळात मेणबत्तीसाठी नाहीच. तो माशांच्या घराचा पाया. आपण तो उसना घेतो, एवढंच.

धाकटीने थोडा विचार केला आणि उरलेले दोन तक्ते गुंडाळले नाहीत. "हे त्या काकांना परत देऊ, माशांना लागतील." थोरल्याची कुरकुर झाली, पण तक्ते परत गेले. मला वाटतं, इतिहास शिकवायचा तो यासाठीच. कुठली वस्तू कुणाच्या जिवावर आली, हे कळलं की हात जरा जपून चालतो.

असो. तुमच्या आजी-पणजीच्या फणेरपेटीत मेणाची डबी होती का? एखादी अजून असेल तर उघडून बघा आणि मला जरूर कळवा.