तिकिटाचा रंग कोण सांभाळतं?

पंचम जॉर्जच्या दोन टपाल तिकिटांचे स्कॅन स्क्रीनवर उघडा: एक लंडनला छापलेलं, दुसरं १९२६ पासून नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेल्यांपैकी. फक्त छटेवरून छापखाना ठरवणार? थांबा. लिनक्सवर जुन्या एक्स११ मध्ये मॉनिटरच्या प्रोफाइलनुसार रंग जुळवणं ज्या-त्या अॅपवर सोडलेलं होतं; त्यामुळे एकच स्कॅन दोन अॅपमध्ये वेगळा दिसायचा. वेलँडमध्ये हे काम कंपोझिटरकडे, म्हणजे सगळ्या विंडो एकत्र करून स्क्रीनवर मांडणाऱ्या प्रोग्रॅमकडे देता येतं. त्यासाठीचा प्रोटोकॉल २०२५ मध्ये आला. पण प्रोफाइलच चुकलं, तर रंगही चुकणार. म्हणून नोंदीत स्कॅनर, मॉनिटर, प्रोफाइल लिहा. आणि मूळ तिकीट मिळालं तर आधी जलचिन्ह बघा: लंडनचं एकच तारा, नाशिकचं अनेक तारे.