फिल्टरमधला गाळ

कुंभकोणमच्या सहा एकरांच्या महामहम् तळ्याला फिल्टर नाही. जवळच्या चोळपुरम्‌सारख्या गावांतल्या देवळांच्या तळ्यांनाही नसतो. तरीही अशा हिरवट पाण्यात मासे पिढ्यान्‌पिढ्या तगतात आणि घरातल्या टँकमध्ये नवा फिल्टर बसवल्यावर, पाणी आरशासारखे स्वच्छ असताना, आठवड्याभरात मरतात. पाणी नितळ म्हणजे सुरक्षित, ही समजूतच इथे घात करते. माशांच्या कल्ल्यांतून विषारी अमोनिया सतत पाण्यात उतरतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

हे कळायला विज्ञानालाही वेळ लागला. लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 मध्ये काचेच्या भांड्यात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ बसवून दाखवला. श्रेय वनस्पतींना मिळाले, आणि ते अर्धेच खरे होते. 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ या रसायनज्ञांनी वाळू-चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपवले. पहिले वीसेक दिवस काहीच घडले नाही; मग अमोनियाच्या जागी नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले, म्हणजे काम वाळूचे नव्हते, वाळूवर वाढलेल्या जिवांचे होते. वाफ काढून टाकून मातीचे थोडे पाणी ओतल्यावर ते पुन्हा सुरू झाले. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होते, हे दोन टप्पे पुढे उलगडणाऱ्यांत त्याच वॉरिंग्टन यांचा मुलगा होता; बापाने मांडलेल्या कोड्याचे उत्तर मुलाच्या हाती लागावे, ही मला या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

तळ्यात या जिवाणूंना चिखल आणि दगडी पायऱ्या असतात. टँकमध्ये त्यांचे मुख्य ठाणे म्हणजे फिल्टरचा बुळबुळीत स्पंज. तो फेकला की त्यांची बहुतेक वस्ती गेली. नळाखाली धुतला तर क्लोरीन तेच करते. म्हणून जुना स्पंज टँकमधल्याच पाण्यात पिळावा आणि नव्या फिल्टरबरोबर महिनाभर चालू ठेवावा. फ्रान्समधल्या त्या नळीत ओतलेल्या मातीच्या पाण्याचेच हे काम आहे.

कुणी म्हणेल, वॉरिंग्टनच्या भांड्यात फिल्टर कुठे होता? नव्हता, पण मासे मोजके होते, झाडे भरपूर होती आणि तळाशी वाळू होती. आजही असा विरळ टँक फिल्टर बदलल्याचा धक्का सोसतो. दाटीवाटीचा सोसत नाही. बाटलीतले जिवाणू मिळतात, हा दुसरा आक्षेप. ते उपयोगी पडू शकतात, पण 1998 पर्यंत गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नायट्राइटचे नायट्रेट करण्याचे काम नायट्रोबॅक्टर हा जिवाणू करतो असेच धरले जाई. त्या वर्षीच्या संशोधनात तो मान नायट्रोस्पिराकडे गेला. कोणता जीव लागतो हेच शंभर वर्षे नीट कळले नव्हते, तेव्हा आपल्या टँकमध्ये रुळलेला गाळ मला अधिक भरवशाचा वाटतो. मासे आजारी असतील तर मात्र तो टाकावाच लागतो. मग खाणे कमी करून, क्लोरीन काढलेल्या पाण्याने चौथा हिस्सा वरचेवर बदलत, तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबायचे.