सहाशे साच्यांचा प्रश्न

धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने यंत्राचा विचार कशासाठी करावा, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. भाषाभ्यास, शिक्षण आणि तंत्रविद्या ही तीन वेगवेगळ्या विभागांची कामे होत, अशी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. परंतु मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ या तिन्हींच्या एकत्र येण्यातून झाला, आणि त्याचे आज उरलेले कामही तिघांनी मिळूनच करावयाचे आहे, असे आम्हांस वाटते. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची कथा याच दृष्टीने येथे पाहावयाची आहे.

गोव्यात छापखाना उतरला तो १५५६ साली. तो वास्तविक अबिसीनियासाठी निघाला होता; पण गोव्यातच राहिला आणि सेंट पॉल महाविद्यालयात त्याचे काम सुरू झाले. १५७७ मध्ये जुआंव गोन्साल्विस या जेझुइट बंधूने गोव्यात तमिळ खिळे पाडले. देवनागरीला मात्र ते भाग्य लाभले नाही. १५७९ साली गोव्यास आलेल्या स्टीफन्स यांनी आयुष्याची पुढील चाळीस वर्षे या भूमीत, आणि त्यांतील बहुतेक साष्टी प्रांतात, घालविली. १६०८ साली आपल्या संघाच्या प्रमुखास लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक जुनी इच्छा बोलून दाखविली: या देशाच्या भाषेतील ग्रंथ या देशाच्याच लिपीत छापावेत. अडचणही त्यांनी त्याच पत्रात नोंदविली. युरोपात चोवीस अक्षरांत काम भागते. येथे प्रत्येक अक्षर स्वर-व्यंजनांच्या मिलाफाने आकार बदलते, म्हणून साच्यांची संख्या सहाशेपर्यंत जाते. ते साचे कधी झाले नाहीत. १६१६ साली रायतूर येथे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे हे मराठी पुराण रोमन लिपीत छापून निघाले.

यंत्राने हात टेकले तेथे विद्येला पुढे यावे लागले. मराठी आणि कोकणी यांचे उच्चार परक्या चोवीस अक्षरांत बसवावयाचे, तर ते उच्चार आधी बारकाईने ऐकावे लागतात. जीभ दातांना लागते की टाळूला, हा भेद रोमन लिपीला ठाऊक नव्हता. तेव्हा मूर्धन्य वर्णांसाठी व्यंजन दोनदा लिहिण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. स्टीफन्स यांचे कोकणी भाषेचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, फादर दियोगु रिबैरु यांनी भर घालून रायतूर येथे प्रसिद्ध केले. भारतीय भाषेचे छापील स्वरूपातील पहिले व्याकरण म्हणून विद्वान त्याचा उल्लेख करतात.

आता शिक्षणाकडे वळू. हे पुराण कोणासाठी रचले, हे कवीने आरंभीच सांगितले आहे. साष्टीतील एका देवालयात मुलांना ख्रिस्ती शिकवणूक दिली जात असता एक ब्राह्मण तेथे येतो आणि म्हणतो की, ही शिकवणूक उत्तम. परंतु आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही पुराण द्यावयास नको काय? ख्रिस्तपुराण हे त्या प्रश्नाचे उत्तर होय. आपल्या पहिल्या महाकाव्याचा उगम अशा रीतीने एका उणिवेत आहे, आणि ती उणीव धर्मांतरितांच्या हातून त्यांचे ग्रंथ काढून घेतल्याने निर्माण झाली होती. ही गोष्ट झाकून ठेवणे ख्रिस्ती संशोधकाला शोभणार नाही. रामायण-महाभारतातील कथा रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या जेझुइटांच्या वह्या आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. ज्यांनी ग्रंथ बंद केले, त्यांच्याच सहकाऱ्यांच्या हस्ते त्यांचा काही अंश टिकला, हे सत्यही तितकेच नोंदविले पाहिजे.

पुराणाच्या १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकाही आवृत्तीची छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज राजवटीने स्थानिक भाषांवर निर्बंध घालणारा हुकूम काढला. छापखान्याने जे राखले नाही ते हाताने राखले. गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे पुराण नकलून घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचले. अशाच हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. सालदान्हा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते रोमन लिपीतच पुन्हा प्रसिद्ध केले. पुढे १९२५ च्या सुमारास डॉ. जस्टिन ॲबट यांनी लंडनमधील मार्स्डेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे विद्वानांचे लक्ष वेधले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा स्टीफन्स यांची इच्छा छपाईत पूर्ण झाली.

पण येथेच खरा प्रश्न उभा राहतो. रोमन प्रतींत धर्मसंस्कारांसाठी ठिकठिकाणी पोर्तुगीज शब्द आहेत. मार्स्डेन प्रतीत त्यांच्या जागी बहुधा संस्कृत शब्द येतात. मूळ कवीचे शब्द कोणते? ॲबट यांनी देवनागरी प्रतीला मान दिला. इतर अभ्यासकांना ती नंतरची सुधारणा वाटते. हा वाद केवळ पाठभेदांचा नव्हे. मराठी बोलणाऱ्या पहिल्या मंडळीने आपला विश्वास कोणत्या शब्दांत उच्चारला, हेच त्यावर ठरते. देशी धर्मशास्त्राचा मूळपुरुष म्हणून स्टीफन्स यांचे नाव घेताना आपण कोणत्या प्रतीवर उभे आहोत, हे सांगण्याचे दायित्व आपणांवर आहे.

सहाशे साच्यांचा प्रश्न आता सुटला आहे. १९९१ मध्ये निघालेल्या युनिकोड या संगणकीय संकेतपद्धतीत देवनागरीसाठी १२८ स्थाने राखली आहेत. जोडाक्षराला तेथे स्वतंत्र साचा लागत नाही; वर्ण आणि हलन्त नोंदवून ठेवले की आकार जुळविण्याचे काम यंत्र करते. चार शतकांपूर्वी ज्या अडचणीपुढे माघार घ्यावी लागली, ती आज अडचण राहिलेली नाही. परंतु रोमन प्रतीत ऱ्हस्व-दीर्घ दाखविलेले नसतात, नकलकाराने दुहेरी व्यंजन कोठे गाळलेले असते. अशा ठिकाणी कोणते अक्षर घ्यावे, हे यंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी ओवीची चाल कानात बसलेला, कोकणी आणि मराठी दोन्ही जाणणारा आणि ईश्वरविद्येत मुरलेला वाचक हवा.

असा वाचक तयार करणे हे धर्मविद्यालयांचे काम आहे. आमची विद्यार्थ्यांस विनंती एवढीच की, सुट्टीत घरी गेल्यावर जुन्या पेटीतील वह्या एकदा उघडून पाहाव्यात. वाळवी लागण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, प्रत कोणाच्या घराण्यात होती हे लिहून ठेवावे, आणि स्वतःच्या मताने एकही अक्षर सुधारू नये. ज्यांनी दिव्याच्या उजेडात हे पुराण नकलून काढले, त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. त्यांनी लिहिले ते जसेच्या तसे पुढे पोहोचविणे, एवढीच त्यांच्या ऋणाची फेड आपल्या हाती आहे.