नांगराच्या कारखान्याचे मासिक

बेळगावात 1903 च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घ्यायला कोणी पुढे येईना. लाकडी नांगरावर पिढ्या काढलेल्या शेतकऱ्याला वाटे, एवढे लोखंड मातीत गेले तर रान विषारी होईल. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. भाव उतरवून ही भीती जाणारी नव्हती. तिच्यासाठी शेतकऱ्याशी बोलणे, पुनःपुन्हा बोलणे भाग होते.

लक्ष्मणराव मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईत जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, पण रंगांधळेपणामुळे ती वाट बंद झाली आणि ते यंत्रांकडे वळले. 1888 मध्ये बेळगावात त्यांनी भाऊ रामूअण्णांसह सायकलचे दुकान काढले. पुढे कडबा कापायचे यंत्र आले, मग नांगर. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचे माळरान दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

माल बनू लागला, पण गिऱ्हाईक विखुरलेले होते. कुठल्या तरी खेड्यात एक शेतकरी नांगर घेई, आणि त्याचा शेजारी वर्षभर लांबून बघत बसे.

1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच मराठी वाचकांचे शंवाकि. कारखान्याच्या जाहिरातींचे काम त्यांच्याकडेच होते, आणि ते स्वतः चित्रकार असल्याने हातात पेनइतकाच कुंचलाही होता. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि एजंटांपर्यंत पोचवायची, हा पत्राचा मूळ हेतू. नुसती किंमतपत्रिका वाचून झाली की माणूस ती टाकून देतो. पुढच्या अंकाची वाट बघायला लावायचे, तर त्यात वाचणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्याचे काहीतरी हवे. शंवाकिंनी हे ओळखले, आणि या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

खबरचा आवाका मग वाढत गेला. उद्योग, स्वावलंबन, आरोग्य, घरसंसार, कथा, व्यंगचित्रे, सामाजिक सुधारणा असे सगळे त्यात आले. पुढे नावातली ‘खबर’ गळाली आणि नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकातून आले, आणि त्यांवरून वाद पेटले तरी संपादक मागे हटले नाहीत. नांगर विकणाऱ्या घराण्याने रूढींवर टीका करणारा मजकूर छापणे म्हणजे गिऱ्हाईक दुखावण्याचा धोका पत्करणे होते. ते धैर्य दाखवले म्हणूनच लोकांनी त्या पत्रावर विश्वास ठेवला, असे म्हणायला हवे. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे आली. जाहिरातीच्या कामातून तीन मासिकांचे कुटुंब उभे राहिले. इकडे कारखाना नांगरावरून पंपांकडे, पुढे इंजिनांकडे आणि विजेच्या मोटारींकडे गेला. ही भरभराट एकट्या मासिकाने केली असे कोणी म्हणणार नाही, पण किर्लोस्कर हे नाव मराठी घरात यंत्राच्या आधी पुष्कळदा मासिकाच्या रूपाने पोचले, हे विसरता येत नाही.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात, बीदरमध्ये, असाच गिऱ्हाइकाला समजावून सांगावा लागणारा एक जुना धंदा आहे, बिदरीकामाचा. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर नक्षी कोरायची, त्यात चांदीची तार ठोकून बसवायची, आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्यात भांडे बुडवायचे. धातू काळाभोर होतो, चांदी तशीच लखलखत राहते. बिदरीकामाला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2023 मध्ये बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. सन्मान झाला, पण गिऱ्हाइकाला अजून ही माती कशासाठी, एका सुरईला इतके दिवस का लागतात आणि यंत्रावरची नक्कल कशी ओळखायची, हे कोण सांगणार? बीदरच्या नौबाद भागापासून किल्ल्यापर्यंत लिहिता-वाचता येणारी तरुण मुले पुष्कळ आहेत. त्यांनी कारागिरांशेजारी बसून हे सारे मराठीत, कन्नडमध्ये, उर्दूत महिन्याच्या महिन्याला लिहावे, आणि गिऱ्हाइकाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या महिन्यात द्यावीत.