दाब कुठे मोजला? अन्ननलिका व यकृत यांच्या मोजमापांचा इतिहास

रक्ताची उलटी अन्ननलिकेतून होते, पण तिचे मूळ अनेकदा यकृतात असते. आतड्यांकडचे रक्त पोर्टल शिरेतून यकृतात जाते. तिथे वाट अडली की दाब वाढतो, रक्त आडवाटा शोधते आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा फुगतात. त्या फुटल्या तर जिवावर बेतते. म्हणून या दोन्ही अवयवांतील दाब कसा मोजला गेला, हे एकत्र पाहू.

सुरुवात अन्ननलिकेपासून झाली. १८८३ मध्ये क्रोनेकर आणि मेल्टझर यांनी अन्ननलिकेत फुगे सोडून गिळण्याच्या क्रियेतील दाबाची नोंद घेतली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला झडपेसारखा स्नायू आहे का, हा वाद मात्र राहिला. कारण शवविच्छेदनात तसा वेगळा स्नायू ठळकपणे दिसत नसे. १९५६ मध्ये फाइक, कोड आणि श्लेगेल यांनी बारीक नळ्यांनी जागोजागी दाब मोजला, तेव्हा तिथे जास्त दाबाचा पट्टा आढळला. तो गिळताना सैल पडतो. अकॅलेशिया या आजारात तो नीट सैल पडत नाही आणि घास अडतो. डोळ्यांना न दिसलेली रचना दाबाच्या आलेखाने दाखवून दिली.

यकृतात अडचण वेगळी होती. पोर्टल शीर पोटात खोल असते. तिथे थेट सुई घालणे धोक्याचे. १९५१ मध्ये मायर्स आणि टेलर यांनी उलटी वाट धरली. त्यांनी कॅथेटर यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरेत नेला आणि पुढे अडकेपर्यंत सरकवला. तिथला प्रवाह थांबला की टोकाला मागच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधला, म्हणजे साइन्युसॉइडमधला दाब कळतो. १९७९ मध्ये ग्रोसमन यांनी टोकाला फुगा असलेला कॅथेटर वापरला. त्यामुळे कॅथेटर न हलवता अडवलेला आणि मोकळा असे दोन्ही दाब पुन्हा पुन्हा मोजता येऊ लागले. दोहोंतील फरक साधारण १ ते ५ मिमी पारा असतो. १० वर गेला की फुगलेल्या शिरांची शक्यता वाढते. १२ पासून त्या फुटण्याचा धोका असतो.

आता एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा: प्लीहा मोठी, रक्ताच्या उलट्या, यकृताचे काम जवळजवळ ठीक, आणि हा फरक सामान्य किंवा किंचितच वाढलेला. मोजणी चुकली का? नाही. अडथळा साइन्युसॉइडच्या अलीकडे, पोर्टल शिरेच्या बारीक फांद्यांत आहे आणि कॅथेटरचे टोक पलीकडे आहे. धरणाच्या खाली उभे राहून वरचे पाणी मोजावे, तसे हे झाले. भारतात असे रुग्ण पुष्कळ आढळत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९६९ च्या कार्यशाळेत या आजारासाठी ‘नॉन-सिरॉटिक पोर्टल फायब्रोसिस’ हे नाव स्वीकारले गेले.

२००३ मध्ये पुढे आलेली इलॅस्टोग्राफी सुईशिवाय यकृताचा कडकपणा किलोपास्कलमध्ये सांगते. पण कडकपणा म्हणजे दाब नव्हे. वरच्या रुग्णाचे यकृत फारसे कडक नसूनही त्याच्या पोर्टल शिरेत दाब मोठा असू शकतो.

तेव्हा अहवालातला आकडा वाचताना आधी दोन गोष्टी विचारा: टोक कुठे होते, आणि अडथळा त्याच्या कोणत्या बाजूला असू शकतो?