दुनळीचा जन्मदाखला

जुनी इंग्लिश दुनळी हातात आली की जाणकार आधी वरचा खटका बघतो. नवी असताना तो मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे थांबतो, झीज होईल तसा डावीकडे सरकतो. पण कारागीर तो परत उजवीकडे आणून देतो, तेव्हा एवढ्यावर भुलू नका. नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढा, बंदूक मिटा, दस्ता धरून हलवा. लाकूड तसंच ठेवलंत तर त्याच्या स्प्रिंगचा ताण ढिलेपणा झाकतो. टकटक ऐकू आली? बिजागरी झिजलीय. तीही दुरुस्त होते म्हणा.

नळीतून गेलेलं लोखंड मात्र परत येत नाही. लंडनच्या बंदूककारांना १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्यानं आलं. तिथे जादा दारूचा बार उडवून नळीची परीक्षा व्हायची, मग त्या वेळच्या मापाचा ठसा. १९५४ पूर्वीच्या बाराच्या बोरवर '१३/१' दिसलं, तर नळी तेव्हा आतून ०.७१९ इंच होती. मागच्या टोकापासून नऊ इंचांवर आज ती ०.७२९ भरली, तर जुना ठसा बाद! पुन्हा परीक्षा न देता अशी बंदूक विकणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे.

विकणारा नळी उजेडाकडे धरतो, 'बघा, आरसा आहे आरसा!' गंजाचे खड्डे घासून काढले की असाच आरसा मिळतो. भिंत तेवढी पातळ होते, आणि डाव्या हाताची बोटं नेमकी तिथेच असतात.